मी जुनी श्रोती, पण...

2025 साली राज्य शासनाने गझलगायक भीमराव पांचाळे यांना 2024 चा गानसम्राज्ञी लता मंगेशकर पुरस्कार जाहीर केला, तेव्हा आमच्या गावात सगळ्यांत जास्त मिरवले कोणी, तर मी! पांचाळे मोर्शी तालुक्यातल्या आष्टगावचे. माझे माहेरही त्याच तालुक्यातले. सासर अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरकडे. लग्न होऊन आले तेव्हापासून शेजारणींना सांगत आले आहे, "त्यायचं नाव झालं नव्हतं नं, तवापासून मी त्यायचं गाणं आयकतो."

त्या दिवशीही तेच सांगितले. नातू जवळच बसला होता. त्याने सहज विचारले, "आजी, पयल्यांदा कुठी आयकलं वं तू?"

मी गप्प झाले. कारण खरे सांगायचे तर पहिल्या वेळी मी अर्ध्यातूनच उठून आले होते.

लग्नाआधीची गोष्ट. शेजारच्या गावी गाणे आहे म्हणून थोरल्या भावाने बैलगाडी जुंपली. लहानसा मंडप, सतरंज्या, एक पेटी, एक तबला. आम्हांला ठाऊक भजन, कीर्तन आणि सिनेमाची गाणी. गझल हा शब्दच नवा. गाणारा एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवतो, हे पाहून आम्ही पोरी तोंडाला पदर लावून हसलो. मागची माणसे एकेक करून उठू लागली. सकाळी कापूस वेचायला जायचे होते, मीही उठले.

भाऊ म्हणाला, "थांब नं वं बाई, आत्ताशी तं रंगून राह्यलं."

मी थांबले नाही. बायांबरोबर पायी घरी आले. भाऊ आला तो कोंबडा आरवल्यावर.

दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर भाकर खाताना त्याने मला समजावले. गझलेतला एकेक शेर दोनच ओळींचा, पण आपल्यापुरता पुरा. पहिल्या ओळीत गाठ मारायची, दुसरीत सोडायची. गाणारा पहिली ओळ घोळवतो ती दुसरीची ओढ लागावी म्हणून. ज्याला दम नाही, त्याच्या पदरात काही पडत नाही. माधव जूलियन यांनी 1933 मध्ये 'गज्जलांजलि' काढून मराठीत गझल आणली. पण ती माणसांच्या ओठी बसवली सुरेश भटांनी. तेही आपल्या अमरावतीचेच, 1932 चा जन्म. त्यांचा 'रंग माझा वेगळा' 1974 मध्ये निघाला. भाऊ तो उशाशी घेऊन झोपे.

पुढे माझे लग्न झाले. पांचाळ्यांचे नाव मुंबई-पुण्यापर्यंत गेले, आणि मी त्यांची 'जुनी श्रोती' झाले! भाऊ दिवाळीला यायचा तो कॅसेट घेऊनच. मी त्या फडताळात मांडून ठेवी, आल्या-गेल्याला दाखवी. ऐकल्या मात्र थोड्याच.

एका वर्षी ऐन वेचणीत पाऊस आला. फुटलेला कापूस बोंडातच काळा पडला. कर्ज डोक्यावर. मालक जेवत, शेतात जात, पण बोलत नसत. घरात भीती दाटली होती. एका रात्री मुलाने टेपवर कॅसेट लावली. भटांची गझल होती. पहिली ओळ घोळत राहिली. मी बंद करायला उठले, तर मालक म्हणाले, "राहू दे." दुसरी ओळ आली आणि त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. कॅसेट संपल्यावर किती दिवसांनी बोलले, "उद्या पऱ्हाटी उपटून टाकू. हरभरा पेरून पाहू." कर्ज गाण्याने फिटले नाही, ते फेडायला चार वर्षे लागली. पण घरातला मुका माणूस बोलता झाला, तो त्या रात्री.

आज भाऊ नाही. जुना श्रोता खरा तो. नाव नसताना शेवटपर्यंत सतरंजीवर बसून राहिलेला. नाव झाल्यावर 'आमचे, आमचे' म्हणणारे माझ्यासारखे पुष्कळ. गाणाऱ्याला गरज असते ती आधीच्या बसणाऱ्यांची.

नातवाला सगळे खरे सांगितले. तो हसला नाही. म्हणाला, "आजी, आपल्या मारुतीच्या पारावर तो पोरगा पेटी वाजवते नं, त्याचं आयकाले पाच-सात जनच येतात."

आता दर शनिवारी मी तिथे जाते. पोराचा सूर अजून डळमळतो. गुडघे दुखतात, डासही चावतात. पण तो पेटीचा भाता मिटेपर्यंत मी उठत नाही.