डाग आकाशात नव्हता

गोष्ट छोटी आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मागच्या पावसाळ्यात गावाबाहेरच्या बांधीत सारसाची जोडी दिसली, सोबत एक पिल्लू. आणि डोक्यावरून गेलेली विजेची तार. तारेला लागून आपल्या जिल्ह्यात सारस मेले आहेत, हे नव्यानं सांगायला नको. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सारसांचा विषय स्वतःहून हाती घेतला, तेव्हा हाही मुद्दा होताच. म्हटलं, अर्ज करू अन् सोबत फोटो जोडू.

तार, बांधी, पक्षी सगळं स्पष्ट यावं म्हणून एफ १६ वर फोटो काढले. मित्राला दाखवले तर तो म्हणतो, "भाऊ, तारेजवळ तो कोणता पक्षी हाय?" पक्षी नव्हताच. प्रत्येक फोटोत त्याच जागी तोच काळा ठिपका. सेन्सरवरची धूळ! छिद्र जितकं बारीक, तितकी ती ठळक दिसते.

माझा कॅमेरा निकॉन डी ८०, २००६ चं मॉडेल. स्वतःची धूळ स्वतः झटकायची सोय यात नाही. त्यात आपल्याकडे मळणीच्या दिवसांत धानाची धूळ काय असते, ते तुम्हाला माहीतच आहे. नागपूरच्या एका दुकानात विचारलं, तर सफाईचा खर्च ऐकून वाटलं, याच्या निम्म्यात दुसरा जुना कॅमेरा येईल.

पोरगा म्हणाला, "बाबा, मोबाइलवर ठिपका पुसून टाका ना." दोन सेकंदांचं काम. पण राजेहो, अर्जासोबतचा फोटो म्हणजे पुरावा. आज ठिपका पुसला, तर उद्या कोणी म्हणेल, तारही तुम्हीच काढली. पुसायचं तर कॅमेऱ्यात, फोटोत नाही.

मग घरीच बसलो. पंखा बंद, दार बंद. बॅटरी पूर्ण चार्ज, कारण मध्येच ती संपली तर आरसा धाडकन खाली येतो. मेनूतून आरसा वर केला, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरलं अन् रबरी ब्लोअरनं हवा मारली. तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. फोटोत वर दिसणारा डाग सेन्सरवर खाली असतो, म्हणून आधी तिथंच. पांढऱ्या भिंतीचा फोटो घेतला. तीन ठिपके गेले, तो एक हट्टी राहिला. मग सेन्सरच्या मापाचा स्वॅब, सफाईच्या द्रवाचे दोनच थेंब, एका दिशेनं एकच हात. बाजू बदलून परत एक, अन् स्वॅब फेकून दिला. तेवढ्यात हात थरथरला, खरं सांगतो. तसं आपण सेन्सर पुसत नाही, त्यावरची काच पुसतो. पण चरा पडला तर खेळ खल्लास.

डाग गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बांधीवर गेलो. जोडी होती. पिल्लू दिसलं नाही. धानात दडलं होतं की आणखी काही, सांगता येत नाही. आकाश एकदम स्वच्छ आलं, तार मात्र तिथंच होती. तोच फोटो अर्जाला जोडला.

तुमच्याकडे मामा तलावाजवळ, बांधीत सारस दिसत असतील अन् वर तार असेल, तर फोटो काढा. मोबाइलचा चालेल. आधी भिंग पुसा, तारीख लिहून ठेवा, मूळ फोटोला हात लावू नका. कमेंटमध्ये फक्त तालुका लिहा, घरट्याची जागा उघड करू नका.

धूळ आपण घरी पुसू शकतो. तार हलवायला मात्र सगळ्यांनी मिळून मागं लागावं लागेल.