कवडशावरची अंजनी

महाबळेश्वरच्या दाट रानात अंजनीचं गुडघ्याएवढं रोप दिसलं, तर त्याला वय विचारू नये. चार वर्षांचं असेल, चौदाचंही असेल. अंगलटीवरून पत्ता लागत नाही.

पुराणातल्या अंजनीचा लेक उगवता सूर्य पाहून फळ समजून झेपावला. ही अंजनी जागची हलत नाही. तिच्यापर्यंत सूर्य येतो तो वरच्या जांभळीच्या, पिशाच्या झाडांनी जेवून उरलेला. अशा सदाहरित रानात जमिनीला पोचतात उजेडाच्या शंभरातले एक-दोन भाग, आणि त्यातलाही कामाचा लाल रंग वरच्या पानांनी टिपून घेतलेला. उन्हाची सवय असलेली रोपं असल्या उजेडात घाबरी होतात, माना ताणून ताणून काटकुळी होतात. ही ताणत नाही. चिवट पान काढते आणि ते पुरवून पुरवून वापरते. खर्चच इतका बेताचा, की पावसाळ्याचं आंधळं धुकंही निभावून नेते.

वरकमाई कवडशांची. रुपयाएवढा एक कवडसा तिच्या पानावर बसलेला मी घड्याळ लावून पाहिला. मिनिटभरही टिकला नाही. वर कुठली तरी फांदी हलली आणि गेला. बटण दाबल्यासारखं पान कामाला लागत नाही. रंध्रं उघडायची, आतली विकरं जागी व्हायची, यात काही मिनिटं जातात. म्हणून पहिला कवडसा बराचसा फुकटच. पण चूल एकदा तापली की ऊब धरते; थोड्या वेळानं दुसरा आला, तर त्याचं मात्र चीज होतं.

एखाद्या वादळात डोक्यावरचं झाड कोसळतं. रोपाचं नशीब उघडलं, असं आपण म्हणतो. पहिले काही दिवस तरी तसं दिसत नाही. सावलीत घडलेली पानं भर उन्हात पिवळी पडतात, कडा करपतात, काही गळतात. उन्हाला पुरी पडणारी पानं नव्यानंच घडवावी लागतात, अधिक जाड. तोवर उन्हाळू रोपं तिच्या डोक्यावरून निघून गेलेली असतात.

त्यापेक्षा कारवीचा शेजार बरा. कारवी आठव्या वर्षी फुलते, बी धरते आणि उभ्या उभ्या वाळते. अंजनीचं एक छप्पर निघतं, पण वरची झाडं जागेवर असतात. उजेड येतो तो अंगाला सोसेल असा. मुदत मात्र थोडी. पावसाबरोबर कारवीची बोंडं तडकतात, बी उगवतं आणि पुन्हा दाटी सुरू होते.

अशाच एका पावसात मी तिला पाहिलं. भोवती कारवीचे वाळके दांडे, खाली बोटभर नवी कारवी. अंजनीनं शेंड्याला समोरासमोर दोन पानं काढली होती.