आरसा त्यांचा, बाकीचं तुझं

धुळे,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. भाचेबुवांस,


पत्र पोचलं. आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घेऊन वर्ष होत नाही तोच ती विकून दहा इंची घ्यावी का, असं विचारतोस. तुझ्या तक्रारी मी एका कागदावर उतरवून काढल्या. गुरू १२० पटीत धरला की नळी सरकवताना निसटून जातो. त्याचे पट्टे पुसट दिसतात. मृगातला तेजोमेघ काळ्या आकाशात नाही तर राखाडी धुक्यात असल्यासारखा वाटतो. आणि फिकट काही शोधायचं म्हटलं की फाइंडरला डोळा लावताना मान मोडते. यातली एकही तक्रार आरशाच्या आकाराची नाही.

आधी हिशेब करू. दहाचा वर्ग शंभर, आठाचा चौसष्ट. म्हणजे प्रकाश जेमतेम दीडपट, ताऱ्यांच्या भाषेत अर्ध्या प्रतीचा फरक. हीच आठ इंची गाडीत घालून जळगावच्या दिव्यांपासून लांब, चाळीसगावपलीकडे डोंगराच्या कडेला नेलीस, तर याहून जास्त पदरात पडेल. शिवाय दहा इंची जिन्यावरून गच्चीवर न्यायला रोज कोण येणार? जी दुर्बीण उचलायचा कंटाळा येतो ती कितीही मोठी असली तरी कोपऱ्यातच राहते.

बाजारातल्या स्वस्त डॉब्सोनियनचं गणित एकदा ध्यानात घे. कारखान्याने पैसा आरशावर घातलेला असतो. यंत्रावर घासलेले हे आरसे आता बहुधा चांगलेच निघतात. किंमत आवाक्यात ठेवायला काटछाट केलेली असते ती बाकीच्या सगळ्यात: पार्टिकल बोर्डाची पेटी, लेच्यापेच्या स्प्रिंगा, नळीच्या आतला चकाकता काळा रंग, फाइंडर, बैठकीच्या चकत्या. म्हणजे जे हाताने, घरात, आपल्याकडच्या दुकानांतल्या मालातून सुधारता येतं तेच नेमकं कच्चं असतं; आणि जे घरी करणं अवघड ते पक्कं. असा सौदा क्वचित मिळतो. आरसा त्यांचा मान, बाकीचं सगळं तुझं.

यात दुर्बिणीचा अपमान वगैरे काही नाही. ही रचना ज्याची, तो जॉन डॉब्सन मूळचा रसायनशास्त्राचा पदवीधर. जन्म १९१५ चा, बीजिंगमधला. १९४४ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदांत सोसायटीच्या मठात, म्हणजे रामकृष्ण संघाच्या परंपरेत, संन्यासी म्हणून राहायला गेला. हाताशी पैसा नाही. जहाजाच्या गोल खिडकीची टाकाऊ जाड काच घासून त्याने आरसा केला, सिमेंटचे खांब ओतायला वापरतात तसली पुठ्ठ्याची नळी घेतली आणि प्लायवूडच्या पेटीत ती तोफेसारखी टेकवली. दुर्बिणीपायी मठातून गैरहजर राहतो, असा ठपका येऊन १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी रस्त्यावरच्या येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश दाखवणारी मंडळी त्याच्याभोवती जमली. रचनेचं पेटंट त्याने घेतलंच नाही. २०१४ मध्ये तो गेला, तोवर जगभर लोक त्याच पेटीत आपापल्या अकलेची भर घालत होते. तेव्हा स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायला बिचकू नकोस. आपल्याकडेही पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने हौशी लोकांना आरसा घासण्यापासून दुर्बीण करायला शिकवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या आहेत. तुला तर घासायचंही नाही.

मात्र क्रम पाळायचा. प्रकाश कुठे वाया जातो, प्रतिमा कुठे बिघडते, हे आधी शोधायचं आणि मग खर्च करायचा.

पहिलं काम कोलिमेशन. दोन्ही आरसे एका रेषेत नसतील तर बाकी सगळं फुकट. कॅमेऱ्याच्या जुन्या रोलची प्लास्टिकची डबी सव्वा इंची फोकसरमध्ये बरोबर बसते. तिच्या तळाला नेमकं मध्यभागी बारीक भोक पाड, दुसरं टोक कापून टाक. झालं साधन. मुख्य आरशाच्या मध्यावर खुणेचं कडं आहे का बघ; नसेल तर फायलीतल्या कागदाच्या भोकाला लावतात ती गोल चिकटपट्टी लाव. तो भाग तसाही तिरप्या आरशाच्या सावलीत असतो, त्यामुळे प्रकाशाचं काही जात नाही. आधी तिरपा आरसा फिरवून मुख्य आरसा त्यात पुरता दिसेल आणि त्याची खूण मधोमध येईल असं कर. मग मागचे तीन स्क्रू फिरवून डबीच्या भोकाचं प्रतिबिंब त्या कड्यात आण. हे जमलं आणि दुर्बीण खाली नेईपर्यंत पुन्हा बिघडलं, तर दोष मागच्या स्प्रिंगांचा. हार्डवेअरच्या दुकानातून त्याच मापाच्या पण कडक स्प्रिंगा आण. तीस-चाळीस रुपयांचा हा बदल मी सगळ्यात वर ठेवीन. लेझरचं साधन घ्यायची घाई नको. ते स्वतःच सरळ नसेल तर तुला खात्रीने चुकवतं.

शेवटची परीक्षा ताऱ्यावर. तारा थोडा फोकसबाहेर ने. कडी एकात एक, समकेंद्री दिसली पाहिजेत. ध्रुव हलत नाही म्हणून पुस्तकं त्याचंच नाव घेतात. पण आपण २१ अंश अक्षांशावर. आपला ध्रुव क्षितिजापासून २१ अंशच वर असतो, जाड आणि थरथरत्या हवेत. सुरुवात त्याच्यावर कर, खात्री मात्र उंचावरच्या ताऱ्यावर करून घे.

दुसरं काम चाल. १२० पटीत, साध्या आयपीसमधून, विषुववृत्ताजवळचा तारा दीडेक मिनिटात क्षेत्र ओलांडून जातो. म्हणजे नळी सतत बोटाने ढकलायची. तुझी नळी आधी अडते आणि मग एकदम उडी मारते, कारण सुरुवातीचं घर्षण चालू घर्षणापेक्षा फार जास्त आहे. टेफ्लॉनमध्ये या दोन्हींतला फरक अगदी कमी असतो. मशिनरीच्या सुट्या भागांच्या दुकानात टेफ्लॉनची पट्टी मागून घे. खालच्या फळीवर तीन तुकडे, एकमेकांपासून १२० अंशांवर, बरोबर पायांच्या डोक्यावर बसव, नाहीतर फळी वाकते. स्क्रूची डोकी टेफ्लॉनच्या आत बुडालेली असू देत. वरच्या फळीच्या पोटाला गुळगुळीत नव्हे, बारीक दाणेदार सनमायका लाव. तरीही जड वाटलं तर मधल्या बोल्टभोवती प्लास्टिकच्या बाटलीतून कापलेल्या एक-दोन पातळ चकत्या घाल. थोडं वजन मध्यावर येतं आणि चाल मोकळी होते. तेल-ग्रीस लावू नकोस, त्याने धूळ धरते. बॉलबेअरिंगही नको, वैशाखातल्या वाऱ्याला नळी आपोआप फिरू लागेल.

हे काम इंग्लंड-अमेरिकेतल्यापेक्षा आपल्याला जास्त गरजेचं आहे, ते का सांगते. डॉब्सोनियनची खरी अडचण डोक्यावर येते. नळी उभी झाली की तारा जरासा सरकला तरी पेटी बरीच गरकन फिरवावी लागते आणि ढकलायला टेकू उरत नाही. आपल्याकडे कृत्तिका, स्वाती, वृषभेतला खेकडा तेजोमेघ हे सगळे जवळजवळ डोक्यावरूनच जातात. मिथुनेत असताना गुरूही तसाच. आकाशाचा सगळ्यात स्वच्छ भाग आणि आपल्या दुर्बिणीचा सगळ्यात अवघड कोपरा एकच आहे. बैठक लोण्यासारखी फिरली तरच तो उघडतो.

तोलही याच कामातला. जड आयपीस घातला की तोंड खाली झुकतं. तुझी नळी पोलादी पत्र्याची, तेव्हा जुन्या स्पीकरचं चुंबक मागच्या बाजूला चिकटव आणि हवं तसं सरकव. फोकसच्या बारीक चालीसाठी महागडा दुहेरी फोकसर घेण्याआधी कपड्याचा चिमटा बटणाला लावून बघ. तरफ लांब झाली की हात हलका पडतो.

तिसरं, उष्णता. पट्टे पुसट दिसतात त्यामागे मला हीच दिसते. दिवसभर तापलेल्या खोलीतून आरसा बाहेर आणलास की काच सावकाश निवते आणि तोवर तिच्यावर गरम हवेचा पदर नाचत राहतो. दुर्बीण सूर्यास्तालाच बाहेर ठेव. कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा आरशामागे, रबरबँडांवर टांगून बसव. स्क्रूने आवळलास तर थरथर प्रतिमेत उतरते. त्याला फवारणी पंपाची बॅटरी चालते, ती मळ्यात पडलेलीच असेल. आता थंडीत एवढं पुरेल. पण जळगावचा मे महिना वेगळा. पारा ४५ च्या घरात जातो आणि गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतो. त्या दिवसांत गच्ची सोड आणि केळीच्या मळ्यात, ओलवलेल्या जमिनीपाशी उभा राहा. हिवाळ्यात उलटी तऱ्हा: दव. काळ्या फोमची गुंडाळी नळीच्या तोंडाला पुढे दीडेक फूट बसव. दव लांबतं आणि शेजारच्या गच्चीवरचा दिवाही आड होतो.

चौथं, भटका प्रकाश. तोच तुझा राखाडी पडदा. फोकसरच्या बरोबर समोरची नळीची आतली बाजू बघ. तिरकस उजेडात ती चमकते. तिथे काळी मखमल चिकटव, किंवा शाळेच्या फळ्याचा मंद काळा रंग लाव. आधी दोन्ही आरसे काढून बाजूला ठेव आणि मखमलीचे सुटलेले धागे ब्रशने झाडून मगच परत बसव.

पाचवं, शोध. काटकोनी फाइंडर घेतलास तर मान वाचेल, आणि खर्च करायचाच तर इथे कर. तोवर एक युक्ती. फ्लेक्स छापणाऱ्याकडून ० ते ३६० अंशांची चकती छापून घे आणि खालच्या फळीवर लाव. फॅब्रिकेशनवाले वापरतात तो चुंबकाचा डिजिटल कोनमापक नळीवर ठेव. मोबाइलवरच्या नकाशात ताऱ्याची उंची आणि दिशा मिळते. ओळखीच्या ताऱ्यावर चकती जुळवली की पुढचं सगळं आकड्यांवर सापडतं. ध्रुवाइतक्याच उंचीवर, पण दक्षिणेला, वैशाखात रात्री ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा प्रचंड गोलगुच्छ येतो. युरोपातल्या बहुतेकांना तो कधी दिसतच नाही. तुझ्या आठ इंचीत तो कणाकणांनी उलगडतो.

आता काय करायचं नाही ते. आरशाला कापड लावायचं नाही. ॲल्युमिनियमचा थर काचेच्या वरच्या अंगाला असतो, एका पुसण्याने ओरखडा कायमचा. थोडी धूळ राहू दे, तिने फारसं बिघडत नाही. अगदीच वेळ आली तर पाण्याची धार, साबणाचे दोन थेंब आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटर. आपल्या बोअरचं पाणी सुकलं की डाग ठेवतं. आणि आपोआप ताऱ्यामागे फिरणारी बैठक परदेशातून मागवू नकोस. त्या बहुतेक चाळीसेक अंश अक्षांशासाठी कापलेल्या असतात. २१ अंशांवर आस इतका आडवा होतो की ती बैठक नव्याने आखावी लागते. तो पुढच्या वर्षाचा उद्योग.

चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ उभारला. १२०७ सालचा त्याचा शिलालेख तिथे आहे, संशोधक भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्या आजोबांनी ‘सिद्धांतशिरोमणी’त वेधाची यंत्रं सांगितली आणि शेवटी बुद्धी हेच सगळ्यांत थोर यंत्र म्हणून तिलाही त्यांच्याच यादीत बसवलं. खान्देशात राहून आपण त्यांचं एवढं तरी ऐकावं. दहा इंचीचे पैसे काढण्याआधी आठ इंचीत काय अडलंय ते डोकं चालवून बघावं.

तेव्हा चांदणं आहे तोवर स्प्रिंगा आणि टेफ्लॉन उरकून घे. अमावास्येला दुर्बीण घेऊन धुळ्याला ये, आपण साक्रीच्या बाजूला जाऊ. माझीही आठ इंचीच आहे. दोन्ही शेजारी लावू आणि त्यानंतरही तुला दहा इंची हवी वाटली, तर तुझी मी विकत घेईन.

दादा-वहिनींना नमस्कार. वहिनीला म्हणावं, भरताची वांगी पाठव.

तुझी,
आत्या

ता. क. दिवसा नळीचं तोंड झाकलेलं असू दे, आणि गच्चीवर पोरं असतील तर दुर्बीण एकटी सोडू नकोस. सूर्याकडे वळलेला आठ इंची आरसा क्षणात डोळा जाळतो. सूर्य बघायचा तर सौर फिल्टर नळीच्या तोंडावर, पक्का बांधून. आयपीसला लावायचा छोटा काळा फिल्टर कुणी दिला तरी घेऊ नकोस, उष्णतेने तो तडकतो.