हात सैल सोड

गेल्या चैत्रात आमच्या घरातली सगळ्यात जुनी गोधडी उसवायला काढली. धुताना ती मधोमध फाटली होती. त्यात लेकीला सातवा महिना लागलेला. बाळाच्या दुपट्यासाठी आतलं मऊ सुती कापड मिळेल, असा माझा हिशेब. वरचा थर सोडवला तर खाली दुसरी गोधडी निघाली. ती उसवली तर तिच्या पोटात तिसरी. झिजलेली गोधडी टाकून द्यायची नसते, तिच्यावर जुनं लुगडं चढवून पुन्हा टाके घालायचे असतात, हे ठाऊक होतं. पण एवढ्या वर्षांचे टाके एका परातीएवढ्या जागेत मांडीवर घेऊन मी कधी बसले नव्हते.

सगळ्यात आतला थर आजेसासूबाईंचा. दोऱ्याचा रंग उडालेला, टाका ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा लांब, आणि दोन टाक्यांमध्ये कापड किंचित फुगलेलं. बोटांनी ताणून पाहिलं तरी ते तग धरून होतं. मधल्या थरात एका कोपऱ्याला वीतभर पट्टा असा होता की तिथे टाके बारीक, एकसारखे, मशीनवर मारल्यासारखे. आणि नेमकं तिथलंच कापड प्रत्येक रेघेवर सुरीनं कापावं तसं फाटलेलं. तो पट्टा माझा. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी घातलेला.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या हिवाळ्यात त्या माझ्या शेजारी बसून एकच गोष्ट सांगत होत्या, "दोरा वढू नको पोरी. हात सैल सोड." मला वाटायचं, घट्ट टाका म्हणजे पक्का टाका. त्यांनी माझे टाके उसवले नाहीत, रागावल्याही नाहीत. पस्तीस वर्षांनी कापडानंच उत्तर दिलं. सुती कापड धुण्यात आटतं, ओलं झालं की गोधडी पाण्याच्या वजनानं ओढली जाते, दगडावर धोपटताना थर एकमेकांवरून सरकतात. टाक्यात थोडी ढील असेल तर हे सगळं तो सोसतो. घट्ट दोऱ्याला सरकायला जागा नसते, मग तो कापडालाच कापतो.

माझं माहेर नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं. कर्जतचं ग्रामदैवत संत गोदड महाराज. कामिका एकादशीला त्यांचा रथ निघतो तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. नावातच गोदड असलेला देव ज्या गावाचा, तिथल्या मुलीला गोधडी शिकवावी लागावी, याची मला तेव्हा मनापासून खंत वाटायची. पण माहेरी आई शिवायची आणि मी अभ्यास करायचे. हात शिकला तो सासरी.

गोधडी अंथरायला सारवलेली किंवा फरशीची मोकळी जमीन लागते. खाली धडसं लुगडं, त्यावर जुनेराचे तुकडे अंगावरच्या कपड्यासारखे नीट बसवायचे, वर पुन्हा लुगडं. कडेला चार दगड किंवा पाटा-वरवंटा ठेवून ताण द्यायचा. मग काठापासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन करत आत यायचं. एकटीला हे जमत नाही असं नाही, पण दुसरी बाई समोर असली की दोन बाजूंनी काम येतं आणि कापड सरळ राहतं. शिर्डी आमच्याच जिल्ह्यातली. साईसच्चरिताच्या पहिल्याच अध्यायात साईबाबा जातं मांडून गहू दळायला बसतात, आणि चार बायका पुढे होऊन त्यांच्या हातातला खुंटा घेतात. मला तो प्रसंग फार खरा वाटतो. हातानं चाललेलं काम दिसलं की बघणाऱ्या बाईचा हात आपोआप पुढे होतो.

मधल्या थराला एक मोठं ठिगळ होतं, जाड्याभरड्या कापडाचं. आत्याबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "बहात्तरचं हाय ते." १९७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायला जात. मिलोची लाल ज्वारी आणि सुकडी खाऊन काढलेलं वर्ष. त्या साली घरात नवं लुगडं आलंच नाही, मग जुनेर कुठून निघणार? अंगावरचंच अजून अंगावर होतं. म्हणून मिळेल ते पोतं-कापड लावून गोधडी सांधली. आजची अडचण उलटी आहे. कपाटं भरलेली आहेत, पण साड्या टेरिकॉटच्या नि पॉलिएस्टरच्या. ते कापड फाटत नाही, झिजत नाही, म्हणून मऊही होत नाही. सुईखाली थर घसरतात आणि उन्हाळ्यात पाठीला घाम येतो. ज्या अहिल्याबाईंचं नाव आता जिल्ह्याला मिळालं, त्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. त्यांनी महेश्वरला विणकर वसवले. हातमागाचं सुती लुगडं आता गोधडीसाठी शोधत फिरावं लागतं, तेव्हा मला त्यांची आठवण येते.

दिवाळीच्या आधी सुई ठेवायची आणि परात घ्यायची, असा आमच्या घरचा क्रम. आत्याबाईंची नानकटाई आळीत नावाजलेली. तेव्हा घरी ओव्हन नव्हता. तूप, पिठीसाखर, मैदा, बेसन डब्यांत भरून आम्ही बेकरीच्या भट्टीवर जायचो. नंबर लावायचा आणि आपला नंबर येईपर्यंत काळ्या पत्र्यांवर गोळे वळत बसायचं. कुणाची नानकटाई कुणाच्या डब्यात जाऊ नये म्हणून प्रत्येकीची खूण वेगळी: कुणी मधे चारोळी लावी, कुणी काट्यानं रेघा ओढी. आत्याबाई अंगठ्यानं हलका खळगा करत, बस. भट्टीवाले चाचा आधी पाव भाजून घेत. पावाला कडक आच लागते. पाव निघाले, भिंतींची धग उतरली, की चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर टाकून पाहत. मैदा लगेच काळा पडला तर थांबत; हळूहळू बदामी झाला की लांब दांड्याच्या फळीवरून आमचे पत्रे आत सरकवत. दिवाळीला आमचे डबे आणि नाताळात ख्रिस्ती घरांचे. अमेरिकन मिशन १८३१ साली नगरला आलं, तेव्हापासून इथला ख्रिस्ती समाज वाढत गेला, आणि नाताळात त्यांच्याकडूनही करंज्यांचं ताट आमच्याकडे यायचं. भट्टी तीच, चाचा तेच.

भट्टीवर मी पहिल्यांदा एकटी गेले त्या वर्षी माझी नानकटाई बिघडली. ऑक्टोबरचा उकाडा, तूप निम्मं पातळ झालेलं. पीठ सैल वाटलं म्हणून मी मैदा वाढवला आणि चपातीच्या कणकेसारखं जोर लावून मळलं. भाजून आली ती दगडासारखी. आत्याबाईंनी एक तुकडा तोंडात धरला, चहात बुडवला आणि म्हणाल्या, "इथंबी वढलंस."

त्या एका वाक्यानं मला दोन्ही कामं एकदम समजली. गव्हाच्या पिठाला पाणी लावून मळलं की त्याला ताण येतो, तो चपातीला हवा असतो. नानकटाईत तुपाचं काम नेमकं उलटं. पिठाच्या कणाकणाला तूप गुंडाळून बसतं आणि कण एकमेकांना धरत नाहीत, म्हणून ती जिभेवर विरघळते. म्हणजे फेटायचं ते तुपाला, पिठाला नाही. थिजलेलं रवाळ तूप परातीत तळहातानं फेटत राहायचं, पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत. वाटीभर तुपाला वाटीभर पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, वेलदोडा आणि जायफळ. मैदा पडला की फक्त बोटांनी गोळा करायचं, दाबायचं नाही. उकाडा असला तर परात थंड पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवायची. गोळा वळताना कडेला बारीक भेगा दिसल्या तरी घाबरू नये, त्या हव्याच असतात. भट्टीतून निघते तेव्हा ती मऊच लागते. तिथेच पत्र्यावर निवू द्यायची. गरम उचललेली नानकटाई हातातच मोडते, आणि नवखी बाई ती कच्ची समजून पुन्हा आत घालते.

पुढे घरी काचेचं झाकण असलेला गोल ओव्हन आला. त्याआधी काही वर्षं आम्ही कुकरमध्ये वाळू तापवून, शिटी आणि रिंग काढून केकही केले. मुलांना तो काळ आठवतो. लेक परातीशी बसायची तेव्हा हातभर तूप माखलेलं असायचं, त्यामुळे कुठे उठून जाता येत नसे. दहावीचं दडपण, मैत्रिणीशी झालेलं भांडण, पुढे एका मुलाचं नाव, हे सगळं मला तिनं परातीत बघत सांगितलं. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर ती गप्प राहिली असती, माझी खात्री आहे. मीही तेव्हा शिकले की लगेच प्रश्न विचारायचा नाही. तूप फेटत राहायचं.

आता आत्याबाई ऐंशीच्या पुढे आहेत. हात थरथरतो, सुईत दोरा मी ओवून देते. आजेसासूबाईंच्या थरातलं दीड हात कापड शाबूत निघालं. ते गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवलं, वर माझं एक जुनं सुती पातळ घातलं आणि दुपटं मांडलं. एका काठानं आत्याबाई, समोरच्या काठानं मी, आणि पोटामुळे वाकता येत नसल्यानं लेक पाटावर बसून तिसरा काठ धरलेली. तिचा टाका घट्ट पडत होता. मी काही बोलायच्या आत आत्याबाईंनीच तिच्या मनगटावर हात ठेवला.

आत्याबाईंच्या बाजूचे टाके वाकडे गेलेत. एका जागी तर तीन टाके एकमेकांवर चढलेत. लेकीनं विचारलं, उसवून पुन्हा घालू का? मी नको म्हणाले. बाळ श्रावणात आलं. दुपट्याची ती बाजू आम्ही त्याच्या डोक्याकडे ठेवतो.