वठलेला आंबा

पिंपरी पेंढारला आमच्या मळ्याला लागून, ओढ्याच्या अंगाला, एकरभर राई आहे. चिंच, उंबर, जांभूळ, करंज आणि मधोमध एक वठलेला रायवळ आंबा. एका साली कांद्याचे भाव पडले होते. वखारवाल्याने आंब्याला भाव सांगितला तेव्हा मी लगेच हो म्हणालो.

माळशेजकडच्या वाडीतले एक म्हातारे ठाकर आमच्याकडे सालाने होते. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. करवत आली त्या सकाळी ते बुंध्याशी जाऊन बसले. "दादा, ह्याच्यात बिऱ्हाडं हायती. इचारल्याबिगर कसं काढायचं?" मी हसलो, पण संध्याकाळपर्यंत थांबलो.

दिवस मावळला तशा सुटलेल्या सालीच्या फटीतून पाकोळ्या, म्हणजे लहान वटवाघळं, निघू लागल्या. चाळिसाच्या पुढे माझा हिशेब चुकला. वरच्या ढोलीतून पिंगळ्याने मान वळवून आमच्याकडे बघितलं. त्याला स्वतःची ढोली कोरता येत नाही, आयती पोकळी लागते. तांबट कोरतो, पण तोही वाळक्या लाकडात. वखारवाला रिकाम्या हाताने गेला.

पुढे बाबांनी मला राई राखायला शिकवलं. घराकडची झुडपं साफ ठेवायची, कारण बिबट्या. ओढ्याकाठचं गचपण तसंच राहू द्यायचं. विणीच्या दिवसांत कोयता लावायचा नाही.

चिंचेवरच्या मोठ्या वटवाघळांशी मात्र माझं जमत नव्हतं. द्राक्षबागवाले शेजारी म्हणायचे, फटाके लावा. 1972च्या वन्यजीव कायद्याने फळं खाणाऱ्या वटवाघळांना उंदीर-कावळ्यांच्या पंगतीत, उपद्रवी म्हणून बसवलं होतं. ती यादी 2022च्या दुरुस्तीने गेली. बाबांना कायद्याशी घेणं नव्हतं. "हे उंबर कुणी लावलं?" एवढंच विचारायचे. आमच्या घराण्यात कुणीच लावलं नव्हतं. त्या वटवाघळांच्या मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं.

आंबा गेल्या पावसाळ्यात कोसळला. ओंडका तिथेच कुजतोय.

पाडव्याला बाबांचं साल संपलं तेव्हा त्यांचे दोन महिन्यांचे पैसे आमच्याकडे राहिले होते. हंगामानंतर ते घेऊन वाडीवर गेलो, तर बाबा नव्हते. मुलगा म्हणाला, "बापानं कुणाकडं बाकी सांगितली न्हाई." त्याने पैसे घेतले नाहीत. ते अजून माझ्याकडेच आहेत.