तुळस डोक्यावर असताना

आमची दिंडी सोनाळ्याहून निघाली तेव्हा सातपुडा पाठीशी होता आणि आमचे हे माझ्या पन्नासेक पावलं पुढे. हे पुढे आणि मी मागे, यात नवं काही नव्हतं. लग्न झाल्यापासून आठवडी बाजाराला, एसटी स्टँडवर, कुणाच्या तेरवीला आम्ही असेच चालत आलो. आमच्या भागात माझ्या वयाचे नवरा-बायको रस्त्यानं शेजारी शेजारी चालत नाहीत. चालले तर लोक थांबवून विचारतात, "काहून, दवाखान्यात निघाले का?" फरक इतकाच, की या वेळी अंतर आम्ही ठरवलं नव्हतं, दिंडीनं ठरवलं होतं. पुढे पताका, मग तुळस, मग टाळकरी, त्यांच्यात मृदंग, मग विणेकरी आणि त्यांच्यामागे आम्ही बाया. यांच्या खांद्यावर पताका आली, मी शेवटच्या रांगेत.

जोडीनं वारी केली म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हातात हात घेतलेलं, पावसात भिजलेलं जोडपं येतं. मोबाइलवर असे फोटो दर आषाढात फिरतात. माझा त्यांच्यावर राग नाही. पण महिनाभराच्या वाटेत आम्ही दोघं खरोखर शेजारी किती चाललो ते मोजलं, तर एखादा किलोमीटरही भरायचा नाही.

इतकी वर्षं का लागली, असंही विचारतात. विचारणारा शेतकरी नसतो. आषाढी आणि पेरणी एकाच वेळी येतात. मृग बरसला की कपाशी, सोयाबीन, तूर जमिनीत गेली पाहिजे, मागोमाग डवरणी, निंदण. घरी म्हशी आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. दोघांपैकी एकालाच उंबरा ओलांडता येतो, आणि तो एक कोण, हे कुणी विचारत बसत नाही. हे दोनदा जाऊन आले. मी दोन्ही वेळा वेशीपर्यंत गेले, सोनाजी महाराजांच्या देवळात पाया पडून मागे फिरले आणि दुसऱ्या दिवशी निंदणाच्या बाया सांगायला लागले. त्या दोन वाऱ्यांतलं निम्मं पुण्य माझ्या खात्यावर टाका, असं मी थट्टेनं म्हणायचे. सगळी थट्टा नव्हती ती.

सासूबाई गेल्या, मुलानं शेत अंगावर घेतलं, सून म्हणाली म्हशींचं मी बघते, तेव्हा कुठे २०२४ साली माझा नंबर लागला. म्हणजे मी सुटले ती सून अडकली म्हणून. हे लिहून ठेवलं पाहिजे.

वाटेचा पहिला टप्पा माझ्या पायाखालचा होता. सोनाळा डोंगराच्या पायथ्याशी, तिथल्या विहिरींचं पाणी गोड. वरवट बकालकडून खाली उतरत गेलं की जमीन काळी आणि सपाट होत जाते, पाणी खारट होत जातं. पूर्णेच्या काठचा हा खारपाणपट्टा. माझं माहेर त्यातलं. त्या पाण्यात तुरीची डाळ तासभर उकळली तरी दाणा मोडत नाही, आणि मूत्रपिंडाच्या दुखण्यानं माणूस गेलेली घरं आमच्या गल्लीत बोटांवर मोजून दाखवता येतात. पुढे वान धरणाच्या पाण्यावर १४० गावांची योजना आली, ती फार नंतर. माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं मुलाची जास्त चौकशी केली नाही. "पोरगी गोड्या पाण्यात पडली," एवढंच शेजारणींना सांगत राहिली. खिरोड्याच्या पुलावर पूर्णा ओलांडताना ते आठवलं. संतांनी पंढरपूरला माहेर म्हटलं ते फार वरच्या अर्थानं. माझी वाट मात्र साध्या अर्थानंच माहेरावरून चालली होती.

तसं पाहिलं तर सगळ्या वऱ्हाडाचंच पंढरपूरशी नातं मुलीकडचं. रुक्मिणी कौंडिण्यपूरची, वर्धा नदीकाठची. तिथून तिची पालखी निघते, ती १५९४ पासून चालू असल्याचं सांगतात. म्हणजे विठोबा आमचा जावई. शेगावहून गजानन महाराजांची पालखी जाते तो रस्ता साडेसातशे किलोमीटरचा धरतात. लेकीच्या सासरी इतक्या लांब पायी जाणारी माणसं दुसरीकडे असतील असं वाटत नाही. मुलखाचं नावच वऱ्हाड, मग काय.

शेगावला समाधीचं दर्शन घेऊन आम्ही त्याच वाटेला लागलो. अकोल्यापर्यंतचं काही सांगण्यासारखं नाही. चिखल, ट्रकचे भोंगे, आणि पायांना अजून न पटलेलं चालणं.

दिंडीत तुळस एकच होती, बाया ती पाळीपाळीनं डोक्यावर घेत. माझी पाळी पहिल्यांदा आली ती पातूरच्या पुढे घाटात. तुळस डोक्यावर असली की खाली वाकता येत नाही, मान वळवता येत नाही, शेजारणीशी बोलायचं तरी डोळे समोर ठेवूनच. आणि जागा पताकांच्या अगदी मागे. त्यामुळे तासभर माझ्या नजरेसमोर दुसरं काहीच नव्हतं, यांची पाठ होती.

चौतीस वर्षं मी या पाठीमागून चालले, पण तेव्हा माझी नजर खाली असायची. पिशवी, पदर, कडेवरचं पोर, पायातला खडा. घाटात पहिल्यांदा नीट पाहिलं. डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली. फवारणीच्या पंपानं केलेलं काम ते. उजवं पाऊल थोडं बाहेर टाकतात. चढावर पताका या खांद्यावरून त्या खांद्यावर घेताना क्षणभर थांबतात, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून लगेच जोरात चालतात. पाठ म्हातारी झाली होती. चेहरा रोज पाहण्यातला, त्याचं वय कळत नाही. पाठीचं एकदम कळतं.

घाट संपला, तुळस दुसरीच्या डोक्यावर गेली, मी मागे गेले. त्या दिवशी संध्याकाळी यांना काही बोलले नाही. काय बोलणार?

दिंडीत नावं गळून पडतात, सगळेच माऊली. पहिल्याच पंगतीत हे वाढायला होते. माझ्या पुढ्यात आले, सवयीनं "अवं" म्हणायला तोंड उघडलं, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, "माऊली, वरण?" सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. चौतीस वर्षांत यांनी मला नावानं हाक मारलेली नाही आणि मीही 'अहो'च्या पुढे सरकले नाही. तिथून एकदम माऊली. पंढरपूरच्या वाटेवर का होईना, बढती मिळाली.

कीर्तन संपलं की सगळे एकमेकांच्या पाया पडतात. वय पाहायचं नाही, जात पाहायची नाही, बाई की पुरुष पाहायचं नाही. विणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते तेव्हाही देणारा आणि घेणारा दोघं वाकतात. पहिल्यांदा हे माझ्यापुढे वाकले तेव्हा मी पाय मागे ओढले. विणेकरी बुवा म्हणाले, "ओढू नका. ते तुमच्या पाया पडत नाहीत, आतल्या देवाच्या पडतात." बुवा मोठे, पण हे मला पटलं नाही. पाय माझेच होते, त्यांना फोड आले होते.

ते फोड रिसोडच्या पुढे एका शाळेच्या ओट्यावर यांनी सुईदोऱ्यानं ओवले. सुई आरपार काढून दोरा आत ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपून जातं. डॉक्टर नको म्हणतील, पण वाटेवर सगळे तेच करतात. चारचौघांत नवऱ्यानं बायकोचा पाय मांडीवर घेतलाय, असं दृश्य सोनाळ्यात दिसलं असतं तर आठवडाभर पुरलं असतं. इथे कुणी वर पाहिलं नाही. एक म्हातारी तेवढी म्हणाली, आवलीच्या पायातला काटा विठोबानं काढला होता, तुकोबांनी नाही. तुझं बरं आहे, घरच्या घरीच भागलं.

परभणी सोडली आणि यांचा गुडघा धरला. दुसऱ्या दिवशी उठवेना. सामानाच्या गाडीत वळकट्यांवर त्यांना बसवलं, आणि मीही शेजारी बसले, कारण चौतीस वर्षांत आजारी माणसाजवळ बसायचं काम माझंच आहे. दोन मैल गेल्यावर हेच म्हणाले, "तू कायले बसली? तुह्या पायाले काय झालं?" मी उतरले.

त्या दिवशी मी गंगाखेडच्या वाटेवर एकटी चालले. पुढे पताकांत ती पाठ नाही. चहाच्या वेळी कुणाला साखर कमी लागते ते लक्षात ठेवायचं नाही. गोळी घेतली का विचारायचं नाही. खरं सांगायचं तर मला फार मोकळं वाटलं. दुपारपर्यंत त्याची लाज वाटत होती, दुपारनंतर तीही गेली. जनाबाईच्या गावी गोदावरीत पाय सोडून बसले तेव्हा माझ्या मनात ना घर होतं, ना हे, ना खरं म्हणजे विठोबा. नुसते पाय आणि पाणी.

मुक्कामी पोचले तर यांनी दिवसभरात आमचे दोघांचे कपडे धुवून टाकले होते. लुगडं न पिळता वाळत घातलेलं. सकाळीही ते ओलंच होतं, खांद्यावर टाकून चालावं लागलं आणि दुपारपर्यंत मला खांद्यावर थंडगार ओझं होतं. मी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिळून घातलं.

हे गाडीत आणि मी पायी, तेव्हा पुंडलिक आठवला. कथा सगळ्यांना ठाऊक आहे. काशीच्या वाटेवर तो बायकोसकट घोड्यावर आणि म्हातारे आई-बाप पायी. म्हणजे ज्या क्षेत्राला आम्ही चाललो त्याच्या मुळाशीच एका जोडप्याची फसलेली यात्रा आहे. पुढे पुंडलिकाला उपरती झाली, आई-बापांची सेवा केली, देवाला विटेवर उभं केलं. पण घोड्यावरची ती बायको कुठे गेली? वाटेत दोन कीर्तनकारांना विचारलं. एकानं दुसरा विषय काढला. दुसरे म्हणाले, माऊली, अभंगावर लक्ष द्या.

जोडप्यांत मला जवळचे वाटतात चोखोबा आणि सोयराबाई. जवळचे म्हणजे जिल्ह्यानंसुद्धा. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणाराजा हे चोखोबांचं जन्मगाव मानतात. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत अंगावर पडून ते गेले, १३३८ साली. सोयराबाईचे अभंग नवऱ्याच्या मागे मागे चालणारे नाहीत. विटाळ म्हणजे काय, हे ती देवाला तोंडावर विचारते. दोघांनाही देवळात प्रवेश नव्हता. तो सगळ्यांना मिळाला १९४७ साली, साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, तिथे आम्ही दोघं थांबलो. सोयराबाईच्या नावाचा दगड कुठे दिसतो का पाहिलं. मला दिसला नाही.

१७ जुलैच्या एकादशीला आम्ही कळसाचं दर्शन घेतलं आणि गर्दी ओसरल्यावर रांगेत उभे राहिलो. गावोगावच्या देवळांत विठोबा-रुक्मिणी कमरेवर हात ठेवून शेजारी उभे असतात. पंढरपुरात तसं नाही. तिचं देऊळ वेगळं, मागच्या बाजूला. ती रुसून दिंडीरवनात आली, तो समजूत काढायला मागोमाग आला आणि पुंडलिकाच्या दारात थांबला तो थांबलाच. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "अजून राग गेला नाही वाटते तिचा." मला तसं वाटलं नाही. स्वतःचं देऊळ मिळालेली बाई रुसून कशाला बसेल?

एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक महापूजा करतात, आणि रांगेतल्या एका जोडप्याला त्यांच्याबरोबर पूजेचा मान मिळतो. एकटा माणूस चालत नाही, जोडीच लागते. त्या जोडप्याला एसटीचा वर्षभराचा मोफत पास देतात. इतकं चालून आलेल्यांना बसचा पास. यात थट्टा असेल तर ती देवानंच केलेली असणार, महामंडळाला इतका विनोद सुचायचा नाही.

आम्हाला पास नव्हता. परतीला गाडीत जागा मिळाली ती नशिबानं, दोघांची एकाच बाकावर. २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे. कंडक्टरनं माझं अर्धं फाडलं, यांचं पूर्ण. महिनाभरात पहिल्यांदा इतका वेळ शेजारी बसलो होतो. करकंब यायच्या आत दोघांनाही झोप लागली.