सोड्यांचा डबा

आम्ही अंबाजोगाईस स्थायिक झालो, तरी वसईहून आई दरवर्षी सोड्यांचा डबा धाडीत असे. गेल्या पावसाळ्यात ती देवाघरी गेली. शेवटचा डबा फडताळात तसाच होता.

नाताळात जहाजावरून आलेल्या चिरंजिवांनी हाँगकाँगच्या 'एक्सओ' चटणीचे वेड लावले. १९८०च्या दशकात तेथील उपाहारगृहांत ती रूढ झाली. नाव उंची मद्याचे, आत मात्र सहसा त्याचा थेंबही नसतो! सुके शिंपले, सुकी कोळंबी, हॅम, लसूण, मिरची हा तिचा ऐवज. शिंपल्यांच्या जागी सोडे घ्यायचे ठरले. हॅम आम्ही वगळले. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारीही चटणी ताटात यावी, एवढाच हेतू.

कोमट पाण्यात भिजवलेले सोडे आम्ही खलबत्त्यात जाडसर कुटले. तेल इकडचे, करडईचे. त्यात कांदा, लसूण, सोडे मंद आचेवर परतताना पाण्याचा अंश पुरता आटू द्यावा लागतो; घाई केली की चटणी विटते. मिरची अगदी शेवटी. पहिल्या खेपेस ती आधी पडली, करपली आणि सारी आळी खोकली!

ज्वारीच्या भाकरीशी चटणी झकास लागली. डब्यात मूठभर सोडे उरले आहेत. पुढच्या खेपेस आठवडी बाजारातून जवळा आणू.